मधल्या फळीतला गडी

वैनगंगेच्या खोऱ्यात, रानाच्या अगदी कडेला आमची शाळा होती. धानाची कापणी आटोपली, की मुले एका मोठ्या रिकाम्या बांधीत बांबूचे खांब रोवीत आणि फुटबॉलचा डाव मांडीत. सामन्यांची वही मी स्वतः ठेवीत असे. कोणी किती गोल केले, एवढेच तीत लिहिलेले असे.

२०१२ सालच्या हिवाळ्यात सातवीतला एक अबोल मुलगा वही चाळून म्हणाला, "गुरुजी, मी रोज खेळतो, पण हीत माझे नाव एकदाही नाही."

तो मधल्या फळीत खेळे. मागच्या गड्याकडून चेंडू घ्यावा आणि पुढच्याच्या पायाशी नेमका पोचवावा, हे त्याचे काम. मी हसून म्हटले, "गोल कर, म्हणजे येईल!"

दुसऱ्या दिवशी त्याने माझा शब्द पाळला. चेंडू मिळताच तो एकटाच पुढे धावू लागला. मैदानाचा मध्य ओस पडला आणि शेजारच्या गावच्या मुलांनी आमच्यावर पाच गोल चढविले. सारे त्याला बोल लावू लागले. चूक कोणाची होती, हे मला ठाऊक होते.

सायंकाळी मोहाच्या झाडाखाली मी त्याला क्लायमॅक्स लॉरेन्स यांची हकिकत सांगितली. लॉरेन्स हे गोमंतकाचे. डेंपो संघाच्या मधल्या फळीत ते अनेक वर्षे खेळले. २००५ ते २०१२ या काळात त्या संघाने पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळविले. भारताच्या संघातही त्यांची जागा मधलीच. २००८ च्या जुलैत हैदराबादला एएफसी चॅलेंज चषकाचा पहिला सामना अफगाणिस्तानशी झाला. (सिरोंच्याजवळ प्राणहिता ओलांडली, की तेलुगू मुलूखच लागतो, त्यामुळे हैदराबाद आम्हांला कधी फार दूरचे वाटले नाही.) सामना संपत आला, तरी गोल होईना. अगदी अखेरच्या क्षणी लॉरेन्स यांनी तो केला! पुढे १३ ऑगस्टला दिल्लीत भारताने ताजिकिस्तानला ४-१ असे हरविले आणि सत्तावीस वर्षांनी, २०११ साली, आशियाई चषकात पाऊल ठेवले.

"दिल्लीच्या चार गोलांत त्यांचा किती वाटा?" मुलाने विचारले.

"एकही गोल त्यांचा नाही. तीन सुनील छेत्रींचे, एक बायचुंग भुतियांचा."

"मग त्यांचेही नाव वहीत आले नसते."

यावर मजजवळ उत्तर नव्हते. घरी येऊन मी कंदिलाच्या उजेडात वहीत पट्टीने आणखी एक रकाना आखला आणि त्यावर लिहिले, 'चेंडू कोणी दिला?'

हा रकाना भरणे सोपे नव्हते. गोल सर्वांना दिसतो. त्याच्या आधीचा पाय शोधताना डोळे शिणतात. पुढच्या सामन्यात त्या मुलाचे नाव मी सात वेळा लिहिले. त्या नादात गोल कोणी केले, हे टिपून ठेवायचे मात्र राहूनच गेले.