गल्फच्या वाटेवरचं सामान

गल्फच्या वाटेवरून काय काय गेलं, त्याची ही यादी. हाताने लिहिलेला पासपोर्ट. नाव, उंची, अंगावरची ओळखीची खूण, सगळं कारकुनाच्या शाईत. 24 नोव्हेंबर 2015 नंतर असे पासपोर्ट परदेशी विमानतळांवर चालेनासे झाले. जन्मगाव अहमदनगर. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, म्हणजे शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि नव्या कागदांवर दुसरं. जुन्या कागदांच्या झेरॉक्स फेकू नका, असं मी जाणाऱ्या प्रत्येक पोराला बजावतो.

'ईसीएनआर'चा, म्हणजे परदेशी कामाला जायला सरकारी मंजुरी नको, असा शिक्का. पुरेसं शिकलेल्याला तो मिळायचा. नसेल तर 1983 च्या कायद्याप्रमाणे मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी घ्यावी लागे. आखातासकट 18 देशांसाठी ती मंजुरी आजही लागते, पण ऑनलाइन. शिक्का मात्र गेला.

'असाइनमेंट्स अब्रॉड टाइम्स'चा चुरगळलेला अंक. मुंबईहून कुणीतरी आणायचा, मग तो चहाच्या टपरीवर हातोहात फिरायचा. रिगर, पाइप फिटर, स्कॅफोल्डर, शटरिंग कार्पेंटर. इंग्रजी न येणाऱ्याला शेजारचा कॉलेजातला मुलगा वाचून दाखवायचा.

नगरच्या नागापूर एमआयडीसीतला वेल्डिंगचा उस्ताद. मुंबईची ट्रेड टेस्ट अजून होते, पण तिच्यासाठी हात तयार करून देणारी ही माणसं विरळ झाली. कठीण टेस्ट 6जीची. पाइप 45 अंशांत तिरका अडकवलेला असतो, तो हलवायचा नाही, वेल्डरनेच त्याच्याभोवती वळायचं. खालून सुरुवात, कधी गुडघ्यावर, कधी मान मोडून. रूटला, म्हणजे पहिल्या थराला, 6010 चा रॉड, वर 7018. हा दुसरा रॉड दमट हवेत उघडा राहिला की जोडात बारीक छिद्रं पडतात, म्हणून तो ओव्हनमधून गरम गरमच काढायचा. डोळ्याला जोड चकचकीत दिसला तरी एक्स-रे खरं काय ते सांगतो. सुट्टीच्या दिवशी भंगारातल्या पाइपचे तुकडे कापून उस्ताद पोरांकडून हेच पुन्हा पुन्हा करून घ्यायचा. फी नाही. जाताना पेढे, आल्यावर एखादी सेंटची बाटली.

माळीवाड्यावरून रात्रीची एसटी. आळेफाटा, माळशेज, कल्याण. सोडायला निम्मी गल्ली यायची.

तार. 'पोहोचलो, खुशाल.' 15 जुलै 2013 पासून बंद. तिचं मला फार वाईट वाटत नाही. तारवाला दारात दिसला की आधी घरातल्या बाया रडायला लागायच्या, मजकूर नंतर.

निळं हवाई पत्र. पंधरा-वीस दिवसांनी यायचं, म्हणून त्यात सगळं चांगलंच लिहिलेलं असायचं. तिथं ऊन किती, खोलीत माणसं किती, खबूस खाऊन पोट कसं बिघडतं, भाकरीची आठवण कशी येते, यातलं काही नाही.

टेपची कॅसेट. हिच्यावर थोडं थांबतो. पत्र लिहिता न येणाऱ्या आईसाठी ही सोय होती. टू-इन-वन मधोमध ठेवायचा, प्ले आणि रेकॉर्डची बटणं एकदम दाबायची. आई आधी सभेत उभी राहिल्यासारखी बोलायची, "चिरंजीवास आशीर्वाद." मग विसरायची. म्हैस व्यायली, विहिरीला पाणी नाही, मेव्हण्याने जागेचा वाद उकरून काढलाय. मधेच कुकरची शिट्टी, कोंबडा, "ए, हळू बोला, टेप चालूय." सुट्टीवरून परत जाणाऱ्याच्या बॅगेतून ही कॅसेट दम्माम नाहीतर शारजाला पोचायची आणि कॅम्पच्या खोलीत बंकवर बसून पाच-सहा जण ती ऐकायचे, त्यांत केरळचे नि बिहारचेही. शब्द कळत नसले तरी कोंबडा सगळ्यांना कळायचा. आज या फिती बुरशीने चिकटू लागल्यात आणि वाजवायला यंत्र शोधावं लागतं. ज्यांच्या घरात असतील त्यांनी त्या आत्ताच मोबाइलवर उतरवून घ्याव्यात. कित्येक आयांचा आवाज एवढाच उरला आहे.

पिवळ्या पाटीचा एसटीडी-आयएसडी बूथ. लाल आकडे पळायचे तशी बोलणाऱ्याची जीभ पळायची. बूथवाल्याला गल्लीतली सगळी कर्जं, सगळी लग्नं ठाऊक. व्हॉट्सअॅपने तो बंद पाडला. आता मुलगा रोज दिसतो, हसतो. त्याचा पगार दोन महिने थकलाय हे कळलेला बूथवाला मात्र मधे नाही, की जो संध्याकाळी येऊन थोरल्या भावाला बाजूला घेईल.

रजिस्टर पोस्टाने येणारा बँकेचा ड्राफ्ट. आणि त्याच्याही आधीचा, रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये खास आखातासाठी काढलेला रुपया. 1966 च्या अवमूल्यनानंतर तो उरलेल्या ठिकाणांहूनही उठत गेला.

शुक्रवार. तिकडे गेलं की पोरांचा सुट्टीचा वारच बदलायचा. कपडे, हजामत, मटण आणि मग दुबईत मीना बाजार, रियाधला बत्हा. गर्दीत कुणी नगरी हेल काढून बोललं की माणसं थबकायची, गाव विचारायची, कामाच्या जागा एकमेकांना सांगायची. पुढची नोकरी बऱ्याचदा तिथेच लागायची. अमिरातीत 2022 च्या जानेवारीत सरकारी सुट्टी शनिवार-रविवारवर गेली, बऱ्याच कंपन्यांनीही तेच केलं. सौदीत शुक्रवार अजून आहे.

मालकाच्या कपाटात कुलूपबंद पासपोर्ट. कतारने 2018 आणि 2020 मध्ये बहुतेक कामगारांची देश सोडायच्या परवानगीची अट काढली, सौदीने 2021 मध्ये नियम सैल केले. हे कपाट मात्र अजून पुरतं उघडलेलं नाही. ते जाईल त्या दिवशी मी पेढे वाटेन.

आणि न गेलेला एक जण. परवाना नसलेला एजंट. भरती करणाऱ्याने कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी घ्यायचा, असा नियम आहे. परवान्याचा नंबर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दोन मिनिटांत तपासता येतो. ईसीआर, म्हणजे मंजुरी लागणाऱ्या, पासपोर्टवाल्याला प्रवासी भारतीय बीमा योजनेत दोन वर्षांसाठी 275 रुपयांत 10 लाखांचं अपघाती कवच मिळतं. तरीही जमीन गहाण टाकून, व्हिजिट व्हिसावर पोरं निघतात. पूर्वी एजंटचं नाव काढलं की उस्ताद, बूथवाला, बत्हाला भेटलेला कुणी, यांतला एक तरी म्हणायचा, "त्याच्याकडे नको जाऊ रे, माझ्या मेव्हण्याला त्याने बुडवलाय." आता जाहिरात थेट पोराच्या हातातल्या मोबाइलवर येते आणि पैसेही तिथूनच जातात. घरच्यांनो, पैसे भरण्याआधी तो परवान्याचा नंबर पोराच्या शेजारी बसून तपासा.