भिंतीवरची तिथी

वाराणसीच्या ‘पक्का महाल’ नावाच्या जुन्या वस्तीत, म्हणजे घाटांच्या पाठीमागे दाटीवाटीने उभ्या असलेल्या उंच घरांच्या भागात, अंगण, कुंपण, बाग यांपैकी कशालाच जागा उरलेली नाही. उंबरठ्याबाहेर टाकलेले पाऊल थेट गल्लीत पडते, आणि म्हणून इतर गावांत फाटक, फुलझाडे किंवा व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्या घराविषयी जे सांगतात ते येथे दाराच्या दोन्ही अंगांच्या भिंतींनाच सांगावे लागते. येथे रंग घराला शोभा देतोच, पण त्याआधी तो घरातली बातमी गल्लीत पोचवतो.

घरात लग्न ठरले की दर्शनी भिंतीला आधी पांढरा हात दिला जातो, आणि मग दारावर गणपती, बाजूंना हत्ती, घोडेस्वार, द्वारपालासारखे ताठ शिपाई, डोक्यावर कलश घेतलेल्या स्त्रिया, मासे आणि मोर उमटतात. हत्ती काढलेला असतो एका अंगाने, परंतु त्याचा डोळा मात्र येणाऱ्याजाणाऱ्याकडे पूर्ण वळलेला असतो, आणि शिपायाच्या मिशा त्याच्या बंदुकीपेक्षा अधिक मन लावून रंगवलेल्या असतात. लग्न पार पडल्यावर ही चित्रे कोणी पुसत नाही. ती उन्हापावसात विरत राहतात, आणि पुढच्या लग्नाच्या वेळी त्यांवर चुना फिरून नवा हत्ती उभा राहतो, त्यामुळे फिकट पडलेल्या हत्तीकडे पाहून त्या घरात सनई वाजल्याला किती वर्षे झाली याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. महाराष्ट्रातल्या खेड्यांतही लग्नघराच्या भिंतीवर ‘शुभविवाह’ आणि वधूवरांची नावे रंगवतात, आणि ती नावे कधीकधी त्या जोडप्याची मुले अक्षरे जुळवून वाचू लागेपर्यंत टिकतात. मात्र मराठी वाड्याचा चित्रांकडे पाहण्याचा स्वभाव निराळा होता: वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रे आतल्या भिंतींवर, उन्हापावसापासून जपलेली आहेत. काशीचा हत्ती जपण्यासाठी काढलेलाच नसतो.

हे विरणे चुन्याच्या अंगचेच आहे. भट्टीत भाजलेल्या कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो फसफसतो, तापतो, फुटतो आणि अखेर निवतो. या क्रियेला चुना विरवणे म्हणतात. मग तो फडक्यातून गाळून त्यात चिकटपणासाठी सरस किंवा डिंक आणि पिवळसर झाक घालवण्यासाठी चिमूटभर नीळ घालतात, आणि कुंच्याने एक हात आडवा, एक उभा असा देत जातात. ओला असताना हा थर जेमतेम राखट दिसतो व पैसे वाया गेल्याची शंका घरमालकाच्या मनात डोकावते. परंतु वाळता वाळता तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीचे रूप घेतो, आणि पांढरेपण सावकाश वर येते. अशा थरातून भिंतीतली ओल बाहेर पडू शकते. प्लास्टिक रंगाचा बंद पापुद्रा मात्र ती आतच कोंडतो, आणि मग फुगे येतात, पोपडे सुटतात व लोणा लागतो, म्हणजे ओलीबरोबर वर चढलेले क्षार पृष्ठभागावर पांढरट बुरशीसारखे फुलून गिलावा भुसभुशीत करतात. टिकाऊपणाची हमी देणारा रंग जुन्या भिंतीला लवकर म्हातारे करतो, हा विरोधाभास नदीकाठच्या घरांना चांगलाच ठाऊक असावा.

चुन्यात मिसळायचे जुने रंगही मातीचेच होते: पिवडी, जिला उत्तरेत रामरज म्हणतात, आणि गेरू किंवा काव, जिचा तांबडेपणा लोहाच्या गंजाचा असतो. अठराव्या शतकात नाटोरच्या राणी भवानीने बांधवलेले दुर्गाकुंडावरचे देऊळ गेरूच्या तांबड्या रंगामुळे लांबूनही ओळखू येते. केदारघाटावरच्या देवळाचे तांबडे-पांढरे उभे पट्टे ही दक्षिणेची रीत असून त्यातली काव कोकण आणि गोव्यातल्या कावी कलेशी नाते सांगते, जिच्यात ओल्या चुन्यावर काव चढवून ती टोकदार अवजाराने खरवडत खालचा पांढरा थर चित्ररूपाने उघडा केला जातो. मराठी संस्थानिकांनी मात्र काशीला रंग फारसा दिला नाही, दगड दिला. अहल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट हे सारे चुनारच्या वालुकाश्माचा पिवळसर वर्ण अंगावर घेऊन उभे आहेत, आणि त्या वर्णाला कुंच्याची गरज नाही.

डिसेंबर 2021 मध्ये विश्वनाथ धामाच्या उद्घाटनापूर्वी मैदागिनपासून गोदौलियापर्यंतच्या रस्त्यावरील इमारती एकाच फिकट गुलाबी रंगात रंगवण्यात आल्या. त्या ओघात बुलानाल्याची एक मशीदही गुलाबी झाली आणि आक्षेप आल्यावर तिला पुन्हा पांढरा रंग देण्यात आला. एकरंगी रस्ता छायाचित्रात देखणा दिसतो हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की त्यात प्रत्येक घराची स्वतःची तिथी हरवते, कारण सगळ्या भिंती एकाच दिवशी नव्या झाल्या तर कोणत्या घरात काय घडले हे गल्लीला कळायचे कसे?

भिंतींवर तिथी नोंदवणारा दुसरा हात गंगेचा आहे. येथे धोक्याची पातळी 71.262 मीटर मानली जाते, आणि 1978 च्या सप्टेंबरात पाणी 73.901 मीटरपर्यंत चढले होते. पूर चढू लागला की घाटिये, म्हणजे घाटावर छत्रीखाली बसून यात्रेकरूंचे संकल्प सांगणारे पुरोहित, आपल्या लाकडी चौक्या पायरी पायरीने वर सरकवतात. या नगरीत बागेतल्या बाकांची जागा कोणी घेतली असेल तर ती या चौक्यांनी. पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर गुडघाभर गाळ उरतो, तो पंपाच्या धारेने पुन्हा नदीत लोटला जातो, आणि कार्तिकी पौर्णिमेच्या देवदिवाळीपूर्वी चुन्याची बादली व रंगाचे डबे घाटावर येतात. भिंतीवर पाण्याने ओढलेली तपकिरी रेघ तोवर वाळून कडक झालेली असते. रंगारी ती खरवडतो, खडूने दोन समांतर रेषा आखतो आणि त्यांच्यामध्ये घाटाचे नाव नव्याने लिहू लागतो. शेजारी चौक्या एकेक पायरी खाली उतरत असतात, आणि ती अक्षरे पुढच्या श्रावणापर्यंत कोरडी राहतात.