खंडेनवमीचं कुंकू

दसऱ्याच्या संध्याकाळी महाकाळाची पालखी जुन्या उज्जैनमधून फ्रीगंजकडे निघते. शमीपूजनाला गाव लोटतं, गच्च्यासुद्धा भरून जातात. मला मात्र ओढ असते ती आदल्या दिवसाची. खंडेनवमीला इथल्या जुन्या मराठी घरांत पाटावर शस्त्रं मांडतात. राणोजी शिंद्यांच्या मागून माळव्यात उतरलेली ही घरं. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी इथून ग्वाल्हेरला हलवली, फौजफाटा निघून गेला. काही कारकुनांची, शिलेदारांची बिऱ्हाडं मात्र क्षिप्राकाठीच राहिली आणि त्यांच्याबरोबर माळ्यावरच्या तलवारीही.

माझ्या एका काकांकडे अशीच एक आहे. मुठीवरची सोन्याची नक्षी, कोफ्तगरी, कडेकडेने शाबूत आहे, पण पकडीच्या जागी साफ उडालेली. किती तळव्यांनी ती झिजवली असेल. पातं उजेडात तिरकं धरलं की मुठीलगत चार बोटं पोलादात नागमोडी लाटा दिसतात. जाणकार याला जौहर म्हणतात. पुढे मात्र कोरी, मठ्ठ चकाकी. कधीकाळी घरातल्याच कुणीतरी लिंबू आणि विटेची भुकटी घेऊन मोठ्या भक्तीने घासली असणार. मग पात्याच्या मध्यावर ओळीने पाच खड्डे, मोहरीएवढे, काळे. मी बरीच वर्षं समजत होतो की हे घाव आहेत. लहान असताना तर त्यांच्यावर एक अख्खी लढाई रचली होती, 1801 ची, यशवंतराव होळकरांनी शिंद्यांची फौज इथे उज्जैनलाच कापली ती.

ते घाव नव्हेत. ती कुंकवाची पाच बोटं आहेत. दरवर्षी पूजा करणाऱ्याचं बोट नेमकं त्याच जागी पडतं. ओलं कुंकू, गंध, नारळाच्या पाण्याचे शिंतोडे, आणि बोटाचा घाम. घामातलं मीठ पोलादात हळूहळू शिरतं. वरून तलवार लगोलग म्यानात जाते. म्यान म्हणजे लाकडाच्या दोन पातळ फाका चिकटवून वर मखमल किंवा चामडं. आतली ओल आतच कोंडते. वर्षभर काढायची नाही, हा घरचा दंडक. रणात मार खाल्लेल्या तलवारी मी फारशा पाहिलेल्या नाहीत. लाडाने मारलेल्या पुष्कळ पाहिल्यात.

जपान्यांनी या लाडाला वेसण घातली आहे. त्यांची जुनी कताना पाहताना पात्याला बोट लावायचं नाही. म्यानातून काढताना धार वर ठेवायची, म्हणजे लाकडावरून पाठ सरकते, धार नाही. धारेचं पोलाद अतिशय कडक, त्यामुळे ठेच लागली की वाकत नाही, टवका उडतो. टोकाचा टवका उडाला की कारागीर दगडावर घासून नवं टोक काढतो, पण तेवढं पातं कायमचं जातं. धारेलगतची धुक्यासारखी कड, हामोन, टोकाशी नाहीशी झाली तर कुणाच्या बापाला परत आणता येत नाही. मूठ बसवलेली असते बांबूच्या एका बारीक खुंटीवर. ती सैल पडली की पातं मुठीतून खेळू लागतं. म्हणून जुनं पातं साध्या लाकडी म्यानात ठेवतात आणि नक्षीची मूठ, म्यान वेगळं जपतात.

आपल्या तलवारीला खुंटी नाही. पोकळ पोलादी मुठीत पात्याचा आखूड शेपटा घालून भोवती वितळलेली लाख ओततात, बस्स. लाख थंडीत तडकते, उन्हात मऊ पडते. काकांच्या घरातली दुसरी तलवार अशीच बिघडली. मुलाचा संसार पुण्याला हलत होता, ऐन मे महिन्यात. पत्र्याच्या ट्रंकेत गोधडीत गुंडाळून तिला ट्रकवर सगळ्यात वर चढवलं, जपून न्यावी म्हणून! इंदूरपासून पुढे तो पत्रा तापला असणार. आत लाख मऊ, आणि रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला पात्याचं वजन पुढे धावतंय. पुण्यात ट्रंक उघडली तेव्हा मूठ हलवली की आत खुळखुळ वाजत होतं आणि टोक म्यानाची शिवण फाडून, तळाच्या धातूच्या टोपणाच्या, तहनाळीच्या, जरा वर, दोन बोटं बाहेर आलं होतं. वाहतूकवाला म्हणाला, "ट्रंकेला पोचा नाही, मग आमचं काय चुकलं?" त्याचं फार चुकलं नव्हतंच. काढणाऱ्याने तेव्हा म्यान मुठीत आवळून धरलं नाही, पाठीकडून धरलं, हे नशीब. फाटलेल्या शिवणीतून धार तळहातात गेली असती.

2025 च्या एप्रिलमध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांची फिरंग तलवार लंडनच्या लिलावात निघाली, ती महाराष्ट्र सरकारने घेतली आणि ऑगस्टमध्ये मुंबईला आणली. टीव्हीवर जयजयकार चालला होता, आणि माझं लक्ष खोक्याकडे. पात्याला आतून कुठे कुठे टेकवलं असेल? मूठ अधांतरी तर नाही ना राहिली? संग्रहालयवाले असा नग पाठवण्याआधी त्याच्यावरचा ओरखडान् ओरखडा टिपून ठेवतात, पोचल्यावर पुन्हा ताडून पाहतात. खोकंही आल्या आल्या फोडत नाहीत; आतली हवा बाहेरच्या हवेशी जुळू देतात, नाहीतर थंड पोलादावर दव धरतं. आमच्याकडे खंडेनवमीला पाहुणा दारात चप्पल काढतो न काढतो तोच, "ती तलवार दाखवा ना काका," आणि लगेच अंगठ्याने धार पारखायची.

यंदा मी काकांना म्हटलं, कुंकू मुठीला लावा, पात्याला नको. पूजा झाल्यावर सुती फडक्याने पुसा, तेलाचा पातळ हात द्या, मगच म्यानात घाला.

"मुठीला?" काका उखडले. "पराक्रम पात्याने केला, मान मुठीला?"

मी धार, घाम, मीठ, गंज हे सगळं पुन्हा सांगितलं. काका ऐकत होते, पण कुंकवाची वाटी त्यांनी हातातून खाली ठेवली नाही. शेवटी काकूच उठल्या आणि शिलाईमशीनच्या खणातून तेलाची छोटी बाटली घेऊन आल्या.

"हे चालेल का रे?"

चालेल म्हटलं, यात पाणीही नाही आणि मीठही नाही.

"शिलाईमशीनचं तेल?" काका म्हणाले. "शिंद्यांच्या शिलेदाराच्या तलवारीला?"

"माझं मशीन चाळीस वर्षं चालतंय," काकू म्हणाल्या. "गंजाचा एक डाग दाखवा."