आमच्या घरचा वैमानिक

परदेशांतील नोकरी म्हटली कीं आमच्यासारख्या घरांतील माणसांच्या डोळ्यांपुढें आजवर तीनचार चित्रेंच उभीं राहत आलीं आहेत: संगणकापुढें बसलेला मुलगा, रुग्णालयांत काम करणारी सून, फार तर एखाद्या विद्यापीठांत शिकविणारा जांवई. या चित्रांची सर्वांस इतकी संवय झाली आहे कीं, कोणाचा मुलगा अमेरिकेस गेला तर शेजारी आतां पेढेही मागत नाहींत. परंतु आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलानें गेल्या वर्षीं जेव्हां जाहीर केलें कीं, ‘मला परदेशांत वणवे विझविणाऱ्या विमानाचा वैमानिक व्हायचं आहे,’ तेव्हां घरांतील अकरा माणसांपैकीं एकालाही असा कांहीं उद्योग जगांत चालतो हें ठाऊक नव्हतें. आमच्या मातोश्री अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनीं विचारलें, ‘आग विझवायला विमान कशाला? विहीर आटली का?’

वणवा ही वस्तु मात्र आम्हांला नवी नाहीं. भोकरहून आदिलाबादच्या रेल्वेनें किनवटकडे निघालें कीं सागाचें रान लागतें. फाल्गुन-चैत्रांत पानगळ होऊन जमिनीवर वाळक्या पानांचा थर सांचतो. मोहाचीं फुलें वेंचणारे लोक झाडाखालची जागा साफ व्हावी म्हणून पाला पेटवितात; वारा उठला कीं ती आग त्यांच्या हातांत राहत नाहीं. वनखातें उन्हाळ्यापूर्वीं जाळरेषा काढतें, म्हणजे रानाचा एक पट्टा आधींच जाळून साफ करून ठेवतें. पुढें आग आलीच तर तिला तेथें खावयास कांहीं मिळूं नये हा हेतु. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहानें टिपलेल्या आगीची सूचना हल्लीं मोबाइलवर येते हें खरें. परंतु सूचना आल्यावर वनरक्षक व चार मजूर पायींच रानांत शिरतात आणि हिरव्या फांद्यांनीं आग झोडपीत बसतात. किनवट तालुक्यांत आम्ही सहा वर्षें शिक्षक होतों. रात्रीं डोंगराच्या कडेनें ही आगीची माळ सरकतांना आम्हीं पुष्कळदां पाहिली आहे, आणि सकाळीं भुवया जळालेला वनमजूर शाळेच्या आडावर पाणी मागावयास आलेलाही पाहिला आहे.

संस्कृत शिकविण्यांत आयुष्य गेल्यामुळें या प्रकरणांत आम्हांला पहिलें स्मरण झालें तें मेघदूताचें. यक्ष मेघाला वाट सांगतांना आम्रकूट पर्वताचें नांव घेतो; तुझ्या धारांनीं ज्याचा वणवा विझला तो पर्वत थकलेल्या तुला मस्तकावर धारण करील, असें आश्वासन देतो. पुढें हिमालयांतही सरल वृक्षांच्या घर्षणानें पेटलेली आग शमविण्याची विनंती आहे. सरल म्हणजे चीड. उत्तराखंडांत आजही आग पसरते ती बहुधा याच झाडाच्या वाळक्या सुयांवरून. उलट खांडववनाच्या वेळीं इंद्र वरून पाणी ओतीत होता आणि अर्जुन बाणांचें छत करून तें अडवीत होता. हा इंद्राचा प्रयत्न फसला, असें आम्हीं पुतण्यास सांगितलें. तो हंसून म्हणाला, ‘मोठे काका, इंद्रानं पाणी आगीवर ओतलं. आगीच्या पुढं ओतायचं असतं.’ या उत्तराचा अर्थ नीट समजून घेण्यास आम्हांला दोन संध्याकाळ त्याच्याजवळ बसावें लागलें.

पुष्कळांची समजूत अशी असते कीं विमान आगीवर पाणी टाकतें आणि आग विझते. वस्तुस्थिति निराळी आहे. मोठीं विमानें बहुधा आगीच्या वाटेवर, तिच्या पुढें, अमोनियम फॉस्फेट मिसळलेला दाट द्राव एका लांब पट्ट्यांत टाकतात. त्या द्रावानें भिजलेलें गवत व पाला सहजासहजीं पेट घेत नाहीं. त्यांत लोखंडाच्या गंजाचा तांबडा रंग घालतात, तो अशासाठीं कीं मागून येणाऱ्या वैमानिकास आधींचा पट्टा कोठें संपला तें दिसावें. आमच्या वनखात्याची जाळरेषाच ही, फक्त आकाशांतून आंखलेली. तिनें आग मंदावते. विझवितात तीं जमिनीवरचीं, कुदळ-फावडीं घेतलेलीं माणसेंच. विमानांच्या पराक्रमाच्या बातम्यांत ही दुसरी गोष्ट सहसा वाचावयास मिळत नाहीं.

या धंद्याचा उगम शेतीवरील फवारणींत आहे. १९५५ सालीं कॅलिफोर्नियांतील विलोज या गांवच्या फवारणी करणाऱ्या वैमानिकांनीं एका जुन्या दुपंखी विमानांत टाकी व खालीं उघडणारें दार बसविलें आणि मेंडोसिनोच्या रानांतील आगीवर तें रितें केलें. त्याच वंशांतलें, टेक्ससमध्यें बनणारें एअर ट्रॅक्टर ८०२ हें विमान आज सुमारें ३००० लिटर घेऊन उडतें, आणि त्यांत वैमानिक एकटाच असतो. डीसी-१० या प्रवासी विमानाचें रूपांतर करून केलेलें टँकर ३५००० लिटरपर्यंत नेतें. पण आमच्या घरांत सर्वांना आवडलें तें कॅनडाचें कॅनडेअर. पाणी भरावयास तें थांबत नाहीं. तळ्यावरून पोट घांसत जातें, बारा सेकंदांत सुमारें ६००० लिटर पाणी पोटांत घेतें आणि उठतें. मातोश्रींना हें दृश्य दाखविलें तेव्हां त्या म्हणाल्या, ‘खंड्या पक्ष्यासारखं करतंय मेलं.’ त्या दिवसापासून घरांत त्या विमानाचें नांव खंड्या पडलें आहे.

आपल्या देशांत हें काम होतच नाहीं असें नव्हे. मार्च २०२३ मध्यें गोव्यांतील म्हादई अभयारण्यांत ठिकठिकाणीं आगी लागल्या, तेव्हां नौदलाच्या व वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनीं त्यांवर पाणी टाकलें. उत्तराखंडांत २०२१ सालीं, राजस्थानांत सरिस्का येथें २०२२ सालीं आणि नैनितालनजीक एप्रिल २०२४ मध्यें हेंच घडलें. या शेवटच्या प्रसंगीं हेलिकॉप्टरला टांगलेली प्रचंड बादली भीमतालच्या तळ्यांत बुडवून पाणी नेलें. परंतु हीं सारीं साधनें सैन्याचीं. वायुदलांत वैमानिक म्हणून शिरण्याची वयोमर्यादा चोवीस, व्यावसायिक परवाना असल्यास सव्वीस. आणि आमच्या पुतण्यास सत्तावीस पूर्ण झालीं. तेव्हां त्याची दृष्टि समुद्रापार गेली यांत आश्चर्य नाहीं.

त्यानें गोंदियानजीक बिरसी येथें शिक्षण घेऊन दोनशें तासांच्या उड्डाणाचा परवाना मिळविला आहे. त्यापायीं आमची ओढ्याकाठची आठ एकर काळी जमीन बँकेकडे गहाण आहे. प्रवासी विमान चालवावयाचें तर त्या त्या जातीच्या विमानाचें निराळें शिक्षण पुन्हा कित्येक लाख खर्चून घ्यावें लागतें. तें परवडेना, म्हणून घरीं बसून त्यानें कॅनडा, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील कंपन्यांस पत्रें धाडलीं. आलेलीं उत्तरें सभ्य आणि आंखूड होतीं. सर्वांचे प्रश्न दोनच: उड्डाणाचे तास किती, आणि आमच्या देशांत काम करण्याचा कायदेशीर हक्क आहे काय?

या दोन प्रश्नांत सारें आलें. आपला परवाना तेथें जसाच्या तसा चालत नाहीं. त्या देशाच्या परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. ऑस्ट्रेलियांत जमिनीलगत उडण्याचें व फवारणीचें स्वतंत्र प्रशिक्षण लागतें, त्यावर आग विझविण्याची जोड. कॅनडांत ब्रिटिश कोलंबियांतील अ‍ॅबट्सफर्ड हें या धंद्याचें मोठें ठाणें आहे. तेथें नवा मनुष्य बहुधा पुढें जाऊन घिरट्या घालणाऱ्या लहान विमानावर आरंभ करतो. त्या विमानांतील अधिकारी रेषा कोठें पडावी हें ठरवितो. तेथून लहान टँकर, मग मोठ्या टँकरची उजवी बाजू, आणि कित्येक उन्हाळ्यांनंतर डावी. शिवाय काम हंगामी. उत्तरेकडे मे ते सप्टेंबर, दक्षिण गोलार्धांत डिसेंबर ते मार्च. कांहीं वैमानिक दोन्ही हंगाम धरून वर्षभर पृथ्वी पालथी घालतात. यक्षाची शिक्षा निदान एका वर्षाची होती.

फवारणीचा अनुभव येथेंच मिळता तर बरें झालें असतें. हिंदुस्थान एरोनॉटिक्सनें १९७२ सालीं शेतीसाठीं ‘बसंत’ नांवाचें विमान उडविलें होतें. पण चाळीसही विमानें न बनतां तें प्रकरण मिटलें.

अशा आशानिराशेच्या काळांत मध्यस्थ येतातच. एका मोठ्या शहरांतील एका कचेरीनें पुतण्यास कळविलें कीं, नऊ लाख रुपये आगाऊ भरल्यास कॅनडांत अग्निशामक वैमानिकाची जागा ‘निश्चित’. त्यानें तीन दिवस जेवणाकडे लक्ष दिलें नाहीं, आणि चवथ्या दिवशीं बंधु गहाणाचा दुसरा कागद घेऊन आमच्याकडे सहीला आले. सातबाऱ्यावर नांव दोघांचें आहे. आम्हीं कराराची प्रत मागितली. इंग्रजी आमचें मॅट्रिकपुरतेंच, पण व्याकरणाच्या शिक्षकाला कर्ता कोण व क्रिया कोणती एवढें शोधतां येतें. सोळा पानांत ‘प्रयत्न करूं’, ‘मार्गदर्शन करूं’ असे शब्द होते. नोकरी कोण देणार त्याचें नांव कोठेंही नव्हतें आणि पैसे परत न मिळण्याचें कलम मात्र दोनदां होतें. आम्हीं पुतण्यास विचारलें, ‘ज्या कंपन्यांनीं तुला स्वतः उत्तरें दिलीं, त्यांपैकीं एकीनें तरी पैसे मागितले का?’ तो बराच वेळ बोलला नाहीं. सही आम्हीं केली नाहीं. बंधु त्या रात्रीं आमच्याशीं एक अक्षर बोलले नाहींत, आणि तें साहजिक होतें. आपल्या मुलाच्या वाटेंत थोरला भाऊ आडवा आला असेंच कोणाही बापास वाटेल.

धाकट्या भावजयींचा विरोध पैशासाठीं नव्हताच. त्यांनीं जुलै २०२३ मधील ग्रीसचें दृश्य पाहिलें होतें. एव्हिया बेटावर पाणी टाकून वळणारें कॅनडेअर झाडाला लागून कोसळलें आणि ग्रीक वायुदलाचे दोन वैमानिक गेले. जानेवारी २०२० मध्यें ऑस्ट्रेलियांत कूमाजवळ मोठें टँकर पडून तिघे अमेरिकन मृत्यु पावले. जानेवारी २०२५ मध्यें लॉस एंजेलिसच्या आगींत तर कोणा हौशी माणसाचें ड्रोनच कॅनडाहून आलेल्या विमानाच्या पंखावर आदळलें. सुदैवानें तें सुखरूप उतरलें. झाडांच्या शेंड्यांपासून दीडदोनशें फुटांवर, धुरांत, डोंगराच्या वाऱ्यांत हें काम चालतें. ‘दादा, तुम्हीं त्याला मेघदूत सांगितलंत, हें कां नाहीं सांगितलंत?’ असें त्यांनीं दाराआडून विचारलें. उत्तर पुतण्यानेंच दिलें. तो म्हणाला, ‘आई, हे सगळे अपघात मला पाठ आहेत. कुठल्या उंचीवर, कुठल्या वळणावर झाले तेंही. पाठ नसते तर तूं मला जाऊं देऊं नयेस.’ त्यावर भावजयी आंत निघून गेल्या. पण त्या रात्रीं त्यांनीं त्याला वाढलें.

आम्हीं सुचविलेला मार्ग रुक्ष आहे. येथेंच एखाद्या उड्डाणशाळेंत साहाय्यक प्रशिक्षक व्हावें, तास वाढवावे, पहिल्या पगारापासून व्याज स्वतः भरावें आणि हजार तास झाल्यावर त्याच कंपन्यांस पुन्हा लिहावें. पुतण्याच्या मतें यांत तीन वर्षें जातील. आमच्या मतें चार. एका उड्डाणशाळेचें बोलावणें आलें असून सोमवारीं त्यास निघावयाचें आहे. बंधु दुसऱ्या गहाणाचा कागद परत घेऊन गेले आहेत. तो त्यांनीं फाडला कीं ठेवला, आम्हीं विचारलें नाहीं. नांदेडपर्यंत पोंचवावयास कोण जाणार याची काल चर्चा निघाली, तेव्हां भावजयींनीं आपण जाणार म्हणून सांगितलें, आणि डब्यांत काय द्यावयाचें यावर मातोश्रींशीं त्यांचें बोलणें सुरू झालें.