बंदुकीखालची कैची

पैठण

प्रिय सई,


इंडियानातल्या रेंजवर तू काळ्या दारूच्या रायफलीवर हात बसवते आहेस, हे वाचून फार आनंद झाला. एक वाक्य मात्र खटकलं. तिथली जुनी मंडळी काठ्यांच्या कैचीवर बंदूक टेकवून मारायला सांगतात आणि तुला त्यात कमीपणा वाटतो, असं तू लिहिलंस. एनसीसीत पॉइंट टू-टू रायफलीनं बिनआधाराचा नेम साधलेल्या मुलीला तसं वाटणारच. तरी त्यांचं ऐक.

काळ्या दारूची बंदूक आधार मागते, त्याला कारण आहे. आपल्याकडची तोड्याची बंदूक आठव. चाप ओढला की जामगीची जळती वात कानातल्या रंजकीवर, म्हणजे पेटवणीच्या दारूवर, येते, रंजक भुरकन पेटते, तिची आग बारीक भोकातून आत शिरते आणि मग बार उडतो. एवढ्या वेळात नळी केसभर हलली तरी गोळी हातभर लांब जाते. तुझ्या काडतुसी रायफलीत ही दिरंगाई नाही, पण गोळी सेकंदाला चारएकशे मीटरच्या वेगानं निघते. आजच्या बहुतेक मोठ्या रायफलींच्या वेगाच्या हा जेमतेम निम्मा. गोळी नळीतच असताना बंदूक मागे सरकू लागलेली असते. त्यात वजन पाच किलोच्या पुढे. अशा वेळी काठ्या वजन पेलतात. श्वास, चाप आणि वारा तुलाच सांभाळावे लागतात.

लोखंडी आकृत्यांवरच्या तिकडच्या सामन्यांतच बघ ना. २०० मीटरवरची कोंबडी उभ्यानं, बिनआधार मारायची. ३०० मीटरवरचं डुक्कर, ३८५ वरची टर्की आणि ५०० वरचा मेंढा, यांना मात्र कैची चालते. दोन्ही कसबं नियमातच मोजलेली आहेत.

आपल्या पूर्वजांनीही आधाराची लाज धरली नाही. गडकोटांच्या तटातल्या जंग्या, ती गोळीबाराची छिद्रं, कशासाठी? शत्रूपासून आडोसा मिळतो, तशीच नळी टेकवायला दगडाची कडाही मिळते. जेजाला नावाच्या लांब बंदुका तर इतक्या जड, की आधाराशिवाय त्या चालायच्याच नाहीत. पानिपतावर अब्दालीच्या जंबुरका, त्या छोट्या तोफा, उंटांच्या पाठीवरून धडाडल्या. अडीच वर्षांनी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, पैठणच्या खालच्या अंगाला राक्षसभुवनला गोदाकाठी पेशवे माधवराव आणि राघोबादादांनी निजामाला हरवलं. तो काळ याच काळ्या दारूचा होता. सोरा, गंधक आणि कोळसा. त्यात तीन वाटे सोऱ्याचे, उरलेल्या एका वाट्यात बाकीचे दोन्ही.

अमेरिकेत कैची गाजवली ती १८७०च्या दशकातल्या बायसनच्या शिकाऱ्यांनी. कळपच्या कळप त्यांनी आडवे केले. त्याचं कौतुक मला कधीच वाटणार नाही. पण बसून, टेकवून, दूरवर नेम धरण्याची त्यांची रीत पक्की होती.

आता काठ्यांविषयी. तीन-साडेतीन फुटांच्या दोन सरळ काठ्या घे. वरून वीतभर खाली चामड्याच्या वादीनं आवळून बांध, पण इतकी करकचून नको की फाकवता येणार नाहीत. वरच्या खोबणीला चामडं गुंडाळ, उघड्या लाकडावर नळी ठेवू नकोस. खाली बैठक मार, काठ्यांची टोकं मातीत रोव, डाव्या हातानं सांधा धर. काठ्यांचे पाय फाकवले की बंदूक खाली येते, जवळ घेतले की वर जाते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टेकण्याची जागा. नळीवर खडूनं खूण कर आणि दर वेळी तीच खूण खोबणीत येऊ दे. आज चार बोटं पुढे, उद्या मागे, असं केलंस तर नळीचं कंपन बदलतं आणि गोळ्यांचा झुबका वरखाली सरकतो. मग माणूस विनाकारण साइट फिरवत बसतो. धक्का बसेल तेव्हा कैचीला बंदुकीबरोबर मागे झुकू दे, दाबून धरू नकोस.

नळी पुसण्याचा आळस करू नकोस. ही दारू जळल्यावर निम्म्याहून जास्त भाग घन राहतो. थोडा धुरातून जातो, बाकीचा नळीला चिकटतो. कोरड्या हवेत तो दगडासारखा कडक होतो. प्रत्येक बारानंतर ओली चिंधी फिरव, नाहीतर कैची कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

इथे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो आणि पैठणचा नाथसागर जलाशय १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे बंदूक नकोच, आणि तेच योग्य. म्हणून तुझ्या रेंजचं मला अप्रूप. ठासणीच्या बंदुकांची १९३३ सालची राष्ट्रीय संघटना तुझ्याच राज्यात, फ्रेंडशिप नावाच्या गावी सामने भरवते. एकदा जाऊन ये. म्हाताऱ्या नेमबाजांच्या शेजारी बस, ते काठ्या कशा रोवतात ते नीट बघ, आणि मला सविस्तर लिही.

तुझा,
मामा