अवघड परीक्षेचें मोल

अवघड गोष्टीविषयीं आपल्या मध्यमवर्गाला मोठा आदर वाटतो. परीक्षा जितकी बिकट, तितकें तींतून पार पडणारें मूल कर्तबगार, असें आपण धरून चालतों. ह्या समजुतीला आधार नाहीं असें नव्हे. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक 1859 सालीं झाली, तेव्हां 132 उमेदवारांपैकीं अवघे 22 उत्तीर्ण झाले. आणि त्यांत महादेव गोविंद रानडे होते. परंतु त्याच रानड्यांना 1894 सालीं हिंदु पदवीधर अकालीं कां मरतात ह्या विषयावर व्याख्यान द्यावें लागलें, ही गोष्ट आपण सहसा आठवत नाहीं.

हल्लीं खार-सांताक्रूझकडील सुखवस्तु घरांतून बारावीऐवजीं इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएटच्या 2 वर्षांच्या डिप्लोमाची चर्चा ऐकूं येते. 1968 सालीं जिनीव्हा येथें स्थापन झालेल्या संस्थेचा हा अभ्यासक्रम. विषय 6, प्रत्येकास 7 गुण, ज्ञानाच्या स्वरूपाचा विचार आणि 4,000 शब्दांपर्यंतचा स्वतंत्र प्रबंध ह्यांचे मिळून 3, एकूण 45. कला, व्यायाम व समाजसेवा ह्यांना गुण नाहींत, पण त्यांच्यावांचून डिप्लोमाही नाहीं!

माझ्या परिचयाच्या एका मुलीनें आपल्या प्रबंधासाठीं खारदांड्याचा कोळीवाडा निवडला. तो तिच्या घरापासून पायीं जाण्याइतका जवळ. तरी सतरा वर्षांत तिचें पाऊल तेथें पडलें नव्हतें. सुकवलेल्या बोंबलांपैकीं किती विकावयाचे व होड्या बंद असतां पावसाळ्यासाठीं किती राखावयाचे, हा तिचा प्रश्न. कोळणींची बोली नीट उमजेना, म्हणून तिनें आजीला बरोबर नेलें. दोन घरीं दोन उत्तरें मिळालीं, तेव्हां खरें कोणतें मानावें ह्या विचारांत ती चार दिवस होती. माझ्या वर्गांत येणारीं हुशार मुलें उत्तम गुणपत्रिका घेऊन येतात. असा प्रश्न घेऊन क्वचित् येतात. ह्या एका लाभासाठीं मी त्या अभ्यासक्रमाचे पुष्कळ दोष पोटांत घालीन.

आणि दोष आहेतच. वर्षाला कांहीं लाख रुपये शुल्क भरणें फार थोड्यांच्या आवांक्यांत आहे. भारतीय विश्वविद्यालय संघानें त्याला बारावीची समकक्षता दिली आहे खरी. परंतु मे महिन्यांतील परीक्षेचा निकाल जुलैंत लागतो, आणि अभियांत्रिकीसाठीं महाराष्ट्राची सीईटी द्यावयाची तर ती राज्यमंडळाच्या अभ्यासक्रमावर आधारलेली. म्हणजे येथेंच शिकूं इच्छिणाऱ्यानें दोन ओझीं वाहावीं. झोपेचा हिशेब तर कोणीच ठेवीत नाहीं.

पण मला सर्वांत जास्त सललें तें निराळेंच. प्रबंध पुरा झाल्यावर वाचून दाखवायला ये, असें एका कोळणीनें त्या मुलीला बजावलें होतें. प्रबंध इंग्रजींत झाला, दूरच्या परीक्षकाकडे गेला. मुलीला जावयाचें होतें, मराठींत सांगावयाचेंही होतें; पण पाठोपाठ दुसऱ्या विषयाचें काम, मग तिसऱ्याचें. तें जाणें राहून गेलें. ज्या कठोरपणानें तिला कोळीवाड्याचें दार उघडून दिलें, त्यानेंच तें लावूनही घेतलें.

म्हणून हा अभ्यासक्रम घ्यावा कीं न घ्यावा, असें विचारणाऱ्या आईबापांना मी सरसकट उत्तर देत नाहीं. ज्या मुलाला मुळांतच प्रश्न पडतात, त्याला तो अवश्य द्यावा; केवळ परदेशच्या प्रवेशासाठीं अनिच्छेनें कोणाच्या गळ्यांत बांधूं नये. आणि दिल्यावर त्याच्या उरलेल्या वेळांत आणखी शिकवण्या कोंबूं नयेत. 45 पैकीं दोन गुण कमी पडले तर आयुष्याचें फारसें बिघडत नाहीं. जेथून आपण कांहीं घेतलें, तेथें परत जाण्यापुरती एक मोकळी दुपार मुलाजवळ उरली पाहिजे. ती राखणें हें अभ्यासक्रमाच्या हातीं नसून आपल्या हातीं आहे.