खिशातला चाकू, पाठीवरची बॅग

तर झालं असं, की गेल्या महिन्यात पहाटेच्या फ्लाइटने क्लायंटकडे निघालो होतो. बॅग एक्स-रेमधून बाहेर आली आणि थेट बाजूच्या टेबलावर गेली. "सर, चाकू है क्या अंदर?" मी छातीठोकपणे नाही म्हणालो. आणि मग आठवलं... शनिवारी हीच बॅग घेऊन राजगडावर गेलो होतो. काकडी कापून झाल्यावर चाकू पुसून पुढच्या कप्प्यात टाकला, तो तिथेच!

"ये नहीं जाएगा."

चेक-इन काउंटर एव्हाना बंद. सोडायलाही कोणी आलेलं नाही. शेवटी लायटर, नेलकटर, कात्र्यांनी भरलेल्या पारदर्शक पेटीत माझा लाल चाकू पडला. त्या बिचाऱ्याची चूक काहीच नव्हती, तो त्याचं काम करत होता. गाढवपणा सगळा माझा.

आता एका चाकूचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. सांगतो.

२०१३ मध्ये दहावी झालो तेव्हा मामाने तो मला दिला होता. मामा २००० साली बाझलला ऑनसाइट होता, तेव्हा तिथे घेतलेला. गल्लीत भरपूर मिरवला. पुढे हॉस्टेलवर मात्र एका मित्राने तो हातात घेऊन निकाल दिला, "डुप्लिकेट आहे हा. व्हिक्टोरिनॉक्सच्या क्रॉसभोवती ढाल असते, तुझ्यावर चौकोन आहे." दोन दिवस जेवण गेलं नाही. मग पात्याच्या मुळाशी कोरलेली बारीक अक्षरं वाचली: वेंगर, देलेमाँ.

तेव्हा कळलं की स्विस आर्मी नाइफ बनवणाऱ्या कंपन्या दोन होत्या. जर्मनभाषक भागातल्या ईबाखची व्हिक्टोरिनॉक्स आणि फ्रेंचभाषक भागातल्या देलेमाँची वेंगर. सैन्याची ऑर्डर दोघींत वाटली जायची. एक स्वतःला 'ओरिजिनल' म्हणवायची, दुसरी 'जेन्युइन'. आपल्याकडच्या 'आमची कोठेही शाखा नाही' पाट्यांचीच आठवण यावी!

आणि वेंगरची कात्री... काय सांगू. तिच्या पात्याला बारीक दाते असायचे, त्यामुळे दोरा किंवा नख निसटायचं नाही. हॉस्टेलची चार वर्षं या चाकूवर निघाली. रात्री दोनच्या भेळेचा कांदा कापला, लॅन केबल सोलली, पीसीचं कॅबिनेट उघडलं. बुचं काढायचा स्क्रू तर मी एकदाही बाटलीसाठी वापरला नाही (खरंच!). पण ट्रेकच्या दोरीची घट्ट बसलेली गाठ सोडवायला त्याच्यासारखी दुसरी वस्तू नाही.

क्लायंटकडून परत आल्यावर तसाच दुसरा घ्यायचा आणि मामाला काही सांगायचंच नाही, असा बेत होता. शोधायला बसलो तर आणखी एक धक्का. २००१ च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यांनंतर खिशातला चाकू विमानात न्यायला बंदी आली, विमानतळांवरची विक्री बसली. वेंगर अडचणीत आली आणि २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने ती विकत घेतली. २०१३ मध्ये जाहीर झालं की यापुढे चाकू एकाच नावाने निघणार, व्हिक्टोरिनॉक्सच्या. वेंगरची काही मॉडेलं त्या नावाखाली राहिली, पण चौकोनातल्या क्रॉसचा चाकू संपला. म्हणजे ज्या वर्षी मला मिळाला त्याच वर्षी!

वेंगर हे नाव मात्र चालू आहे. घड्याळांवर आणि बॅगांवर. सकाळच्या कंपनी बसमध्ये बघा, एखाद्या तरी पाठीवर तो चौकोनातला क्रॉस दिसेल. आणि ज्या बॅगेच्या कप्प्यात मी चाकू विसरलो होतो, तिच्यावरसुद्धा तोच. च्यायला, हे मला पाच वर्षांत एकदाही जाणवलं नव्हतं.

मग विचार करत बसलो. १८९१ मध्ये स्विस सैनिकांना पहिला चाकू मिळाला, तेव्हा त्यात पात्याबरोबर रायफल खोलायला स्क्रूड्रायव्हर होता आणि डबा फोडायला ओपनर. १८९७ च्या ऑफिसर चाकूत बुचाचा स्क्रू आला. मध्यंतरी पेनड्राइव्हवाला चाकूही आला, विमानात चालावा म्हणून बिनपात्याचासुद्धा. तोही गेला. (आमच्या ऑफिसात तसाही चालला नसता. आमच्याकडे पात्यापेक्षा पेनड्राइव्हला जास्त घाबरतात.) आणि २०२४ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने सांगितलं की पातं नसलेल्या अवजारांवर काम सुरू आहे.

माझे खिसे तपासले. फोन, ॲक्सेस कार्ड, इअरबड्स, किल्ली. फोन आपल्याला उघडता येत नाही, डब्याला ओढायची कडी असते. राहता राहिली कुरियरची पार्सलं, ती मी किल्लीने फाडतो. खरं सांगायचं तर नोकरी लागल्यापासून तो चाकू फक्त ट्रेकलाच बाहेर निघत होता.

गणपतीत मामा भेटला. मोदकाच्या ताटावरच सगळं सांगून टाकलं, एका दमात. मामा चिडेल, निदान हळहळेल असं वाटलं होतं.

"अरे, मी तो खिशात ठेवायचं २००१ लाच सोडलं होतं," मामा म्हणाला. "सुट्टीवर येताना दर वेळी आठवणीने मोठ्या सामानात टाकायचा, नुसता डोक्याला ताप. मग ड्रॉवरमध्येच पडून राहिला. म्हटलं, तुझ्याकडे गेला तर वापरात तरी राहील."

म्हणजे मी इतकी वर्षं ज्याला मामाचा जीव की प्राण समजत होतो, तो त्याच्या ड्रॉवरमधला पसारा होता! हसावं की काय करावं कळेना.

"वापरलास ना पण?" मामाने विचारलं.

मी भेळ, लॅन केबल, राजगडची काकडी, सगळं सांगितलं. मामा शेवटपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, "तो बुचाचा स्क्रू मीसुद्धा कधी वापरला नाही. गाठी सुटतात होय त्याने?"

असो. दुसरा चाकू अजून घेतलेला नाही. घेतला तर ट्रेकच्या सॅकमध्ये राहील. ऑफिसच्या बॅगेचे मात्र सगळे कप्पे आता फ्लाइटच्या आदल्या रात्री उलटे करून झटकतो.